टाका घालायला हात कसा शिकतो

घरातले कोणी पडले, कपाळ फुटले आणि पट्टी बांधून परत आले, की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती टाके पडले?’ हाच. टाक्यांच्या संख्येवरून जखमेचा मोठेपणा मोजण्याची ही आपली जुनी सवय आहे आणि ती फारशी बरोबर नाही, कारण तीच जखम एक डॉक्टर पाच टाक्यांत मिटवील तर दुसरा सातांत, आणि सलग धाग्याने त्वचेच्या आतून शिवली तर मोजायला बाहेर एकही टाका दिसणार नाही. विचारण्याजोगा प्रश्न खरे तर वेगळाच आहे आणि तो क्वचितच कोणी विचारते. ज्याने हे टाके घातले, त्याने आपला पहिला टाका कशावर घातला होता?

मी नवी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. माझा स्वतःचा पहिला टाका माणसावरच पडला. इंटर्न असताना एका रात्रपाळीला वाशीच्या बाजारातले एक माथाडी कामगार पोटरीला पत्रा लागून आले होते. वरिष्ठ डॉक्टर दुसऱ्या रुग्णापाशी अडकले होते, त्यांनी दुरूनच ‘घे तू’ म्हणून सांगितले आणि मी घेतले. चार टाक्यांना मला जवळजवळ पाऊण तास लागला. सुई तीनदा वाकडी गेली, दोन गाठी सुटल्या, आणि त्या सगळ्या वेळात मी त्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिले नाही. जागा बधिर केलेली असल्याने त्यांना दुखत नव्हते. उलट तेच मला म्हणाले, ‘ताई, सावकाश घ्या, मला कुठं जायचंय?’

आजच्या विद्यार्थ्यावर ही वेळ सहसा येत नाही. २०१९ मध्ये देशातील एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतांवर आधारित झाला, म्हणजे विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे याबरोबरच त्याला काय करून दाखवता येते हेही त्यात नोंदले गेले. शल्यचिकित्सेच्या क्षमतांमध्ये निर्जंतुकतेची आणि टाके घालण्याची पद्धत कृत्रिम वातावरणात करून दाखवणे ही एक स्पष्ट बाब आहे. हे कृत्रिम वातावरण म्हणजे कौशल्य प्रयोगशाळा, विद्यार्थ्यांच्या तोंडी स्किल लॅब.

खोली दिसायला साधी असते. लांब टेबले, वर प्रखर दिवे, आणि प्रत्येकासमोर तळहाताहून थोडे मोठे, त्वचेच्या रंगाचे सिलिकॉनचे पॅड. या पॅडला थर असतात. वरचा थर त्वचेचा, त्याखालचा पिवळसर आणि मऊ थर चरबीचा, तळाचा लालसर थर स्नायूचा. आणि वर वेगवेगळ्या लांबीचे काप आधीच दिलेले असतात. शेजारच्या ट्रेमध्ये तीनच हत्यारे असतात. सुई धरायचा नीडल होल्डर, कड उचलायचा बारीक दातांचा चिमटा म्हणजे टूथ फोर्सेप, आणि कात्री. धागा बहुधा मुदत उलटलेल्या पाकिटांतला असतो. ऑपरेशन थिएटरमध्ये जो वापरता येत नाही तो सरावाला उत्तम चालतो. फक्त ती पाकिटे ‘सरावासाठी’ अशी ठळक खूण करून वॉर्डापासून लांब ठेवावी लागतात.

कापडाला मागची बाजू असते

दर तुकडीत एखादी विद्यार्थिनी निघते, जिला आजीने लहानपणी हातशिलाई शिकवलेली असते, आणि ती पहिल्या दिवशी आत्मविश्वासाने सांगते की मॅडम, मला शिवता येते. तिचे म्हणणे अर्धे खरे असते. काही टाके पाहिल्यावर शिवणकामाची आठवण होतेच. त्वचेच्या आतल्या थरातून डावीकडे-उजवीकडे नागमोडी जाणारा टाका धावदोऱ्याचा भाऊ वाटतो, आणि प्रत्येक वेढ्याला धागा अडकवत नेलेला सलग टाका पाहिला की काजटाका डोळ्यांसमोर येतो. तरीही हातशिलाई येणारी मुलगी पहिल्या तासाला इतरांइतकीच चाचपडते आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

कापडाला मागची बाजू असते. शिवणारा एक हात कापडाच्या खाली धरतो, सुई खाली उतरली की तिथे पकडतो आणि पुन्हा वर पाठवतो. जखमेला खालून हात घालता येत नाही. सुई वरून आत गेली तर तिला वरूनच बाहेर यावे लागते, आणि म्हणूनच ती मासे धरण्याच्या गळासारखी वाकडी असते. त्वचेसाठी सर्वसाधारणपणे वर्तुळाच्या तीन-अष्टमांश भागाएवढी वाकलेली सुई वापरतात. पोटाच्या आत, जिथे हात वळवायला जागाच नसते, तिथे अर्ध्या वर्तुळाची सुई सोयीची पडते.

वाकडी सुई सरळ ढकलता येत नाही. सगळ्या नवशिक्यांची पहिली चूक हीच असते. ते सुईचे टोक टेकवतात आणि खिळा ठोकल्यासारखे पुढे रेटतात. त्यामुळे सुई वाकते, भोक मोठे होते आणि बाहेर येण्याची जागा भलतीकडे सरकते. सुई तिच्या स्वतःच्या वर्तुळावरच फिरवावी लागते. टोक त्वचेत काटकोनात शिरले पाहिजे, त्या वेळी मनगट पालथे असले पाहिजे, आणि सुई फिरत फिरत पलीकडे निघेपर्यंत तेच मनगट उताणे झाले पाहिजे. कुलुपात किल्ली फिरवताना हात जसा वळतो तसाच हा वळतो, खांदा आणि कोपर जागचे न हलता. मी पहिल्या तासाला कित्येकदा सुई देतच नाही, नुसता रिकामा होल्डर देऊन मनगट फिरवायला लावते. विद्यार्थ्यांना ते पोरकट वाटते, पण दुसऱ्या तासाला ज्यांची सुई वाकत नाही ते हेच असतात.

सुई कुठे धरायची यालाही नियम आहे. टोकापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, होल्डरच्या जबड्याच्या अगदी टोकात आणि जबड्याशी काटकोनात. फार मागे, धागा जिथे सुईला जोडलेला असतो तिथे धरली तर ती जागा पोकळ आणि कमकुवत असल्याने सुई तिथेच वाकते. फार पुढे धरली तर पलीकडे निघायला लांबीच उरत नाही. होल्डरच्या कड्यांत अंगठा आणि अनामिका घालायची, तीही पहिल्या पेरापुरतीच, आणि तर्जनी दांड्यावर लांब ठेवायची, म्हणजे हत्यार डगमगत नाही. दुसऱ्या हातातला चिमटा कड हलकेच उचलण्यासाठी असतो, चिमटण्यासाठी नव्हे. सिलिकॉनला वेदना नसते, त्यामुळे इथे हयगय सहज होते आणि ती शिक्षकानेच पकडावी लागते.

या सुईला नाक नसते, हेही शिवणकाम जाणणाऱ्यांना नवे वाटते. पूर्वी डॉक्टरही नाक असलेल्या सुईत धागा ओवत असत. तिथे धागा दुहेरी होतो आणि सुईमागून त्याची जाड घडी ऊतीतून ओढली जाते. आता धागा सुईच्या मागच्या टोकातच घट्ट बसवून येतो, त्यामुळे सुईने केलेल्या भोकापेक्षा जाड काहीही आतून जात नाही. सुईचा आडवा छेदही कामाप्रमाणे बदलतो. आतडे, रक्तवाहिनी अशा मऊ ठिकाणी ती गोल असते आणि ऊती बाजूला सारत जाते. त्वचा चिवट असल्याने तिथे त्रिकोणी, धारेची सुई लागते. या त्रिकोणाची तिसरी धार वळणाच्या बाहेरच्या बाजूला ठेवली की जखमेकडे सपाट बाजू येते आणि गाठ आवळताना धागा त्वचा कापत जखमेच्या दिशेने सरकत नाही. एवढ्या लहान वस्तूत एवढा विचार केलेला असतो.

टाका जखम भरत नाही

सर्वसामान्य समज असा की टाक्याने जखम जोडली जाते. प्रत्यक्षात जोडण्याचे काम शरीर करते. टाक्याचे काम त्या काळात दोन्ही कडा समोरासमोर आणि स्थिर ठेवणे एवढेच असते. नीट मिटवलेल्या जखमेवर एक-दोन दिवसांतच त्वचेच्या सर्वांत वरच्या पेशींचा पातळ पूल तयार होतो, पण खालची मजबुती फार सावकाश येते. पहिल्या आठवड्याअखेर त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या अवघी ३ टक्क्यांच्या आसपास असते, तीन आठवड्यांनी सुमारे २० टक्के होते, आणि तीन महिन्यांनी ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. शंभर टक्के ती पुन्हा कधीच होत नाही.

ही गोष्ट समजली की गाठ किती आवळायची याचे उत्तर आपोआप मिळते. कडा एकमेकींना टेकल्या की थांबायचे. पहिल्या दोन दिवसांत जखमेला सूज येणारच, त्यामुळे आज जी गाठ घट्ट आहे ती उद्या आणखी काचणार, कडांचा रक्तपुरवठा तुटणार, आणि जखम भरण्याऐवजी कड काळी पडणार किंवा पुढे शिडीच्या पायऱ्यांसारखे व्रण राहणार. विद्यार्थी मात्र घट्ट गाठीला चांगली गाठ समजतात. पॅडवर याची खूण लगेच दिसते, कारण जास्त आवळल्यावर सिलिकॉनला टाक्याभोवती सुरकुत्या पडतात. मी त्यांना सांगते की या सुरकुत्या म्हणजे गुदमरलेली त्वचा समजा.

दुसरी बारीक गोष्ट कडांच्या वळणाची. दोन कडा मिटताना आत दुमडल्या तर त्वचेची वरची बाजू वरच्या बाजूला भिडते आणि तिथे काहीच जुळत नाही. म्हणून त्या किंचित बाहेर उचललेल्या राहाव्यात असा टाका घालतात. व्रण पुढे आकसतो तेव्हा तो उंचवटा बसतो आणि रेघ सपाट होते. हे साधायचे तर सुईचा मार्ग मडक्याच्या आकाराचा हवा, वर तोंड अरुंद आणि खाली पोट रुंद. सुई उथळ आणि तिरपी घातली की आकार बशीसारखा होतो आणि कडा आत पडतात. दोन्ही बाजूंना कडेपासून समान अंतर आणि समान खोली राखली नाही तर एक कड दुसरीवर चढते. हे अंतर बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल, पण हनुवटीवर आयुष्यभर राहणारी पायरी याच एक-दोन मिलिमीटरच्या चुकीतून तयार होते.

धाग्याविषयी रुग्ण दोनच गोष्टी विचारतात. विरघळणारे टाके आहेत का, आणि कॉस्मेटिक टाके घालाल का. विरघळणाऱ्या धाग्यांमध्ये पॉलिग्लॅक्टिन हा आज सर्रास वापरला जातो. दोन आठवड्यांनी त्याची सुमारे ७५ टक्के ताकद शिल्लक असते, तीन आठवड्यांनी निम्मी, आणि ५६ ते ७० दिवसांत तो पूर्ण शोषला जातो. जुना कॅटगट मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून करीत; नावात मांजर असले तरी मांजराचा त्याच्याशी संबंध नाही. त्वचेवर बहुधा नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा एकपदरी धागा घालतात आणि नंतर काढतात. जाडीचे आकडे मात्र उलटे चालतात, आणि तिथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. शून्ये जितकी जास्त तितका धागा बारीक. तीन शून्यांचा धागा सुमारे पाव मिलिमीटरच्या आत असतो, चेहऱ्यासाठी वापरला जाणारा सहा शून्यांचा धागा एक-दशांश मिलिमीटरहूनही बारीक, आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेत लागणारा दहा शून्यांचा धागा साध्या नजरेला जेमतेम दिसतो. ‘कॉस्मेटिक टाका’ नावाचा वेगळा टाका नसतो. बारीक धागा, कमी ताण, खालच्या थरात आधार देणारे टाके आणि वेळेवर काढणे, या सगळ्यांना मिळून लोकांनी ते नाव दिले आहे.

सुरगाठ आणि निरगाठ

गाठीसाठी मराठीत दोन नेमके शब्द आहेत आणि मी वर्गात तेच वापरते. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की आवळते. शल्यचिकित्सकाला हवी असते ती निरगाठ, पण घाईत हातून पडते ती बरेचदा सुरगाठीची सावत्र बहीण. पहिला वेढा ज्या दिशेने घातला त्याच्या उलट दिशेने दुसरा घातला तर दोन्ही फासे एकमेकांत सपाट बसतात आणि गाठ टिकते. दोन्ही वेढे एकाच दिशेने पडले, किंवा एक टोक ताठ आणि दुसरे सैल राहिले, तर दिसायला गाठ तशीच दिसते, पण ताण आला की सरकते. रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीत ती पक्की वाटते आणि पहाटे पाचला जखम उघडी पडते.

पहिला वेढा दुहेरी घेतात, कारण दुसरा घालेपर्यंत तो सैल पडू नये. गुळगुळीत एकपदरी धाग्याला स्वतःच्या मूळ आकारात परत जाण्याची खोड असते, त्यामुळे त्याला विणलेल्या रेशमी धाग्यापेक्षा जास्त वेढे द्यावे लागतात. शेवटी गाठ जखमेच्या रेषेवर न ठेवता एका बाजूला सरकवायची.

गाठीचा सराव करायला सुईही लागत नाही आणि लॅबही लागत नाही. ठाण्याहून नेरुळला ट्रान्स-हार्बरने येणारे काही विद्यार्थी बॅगेच्या बंदाला दोरा अडकवून येतात. ऐरोलीला सुरुवात करतात आणि जुईनगर येईपर्यंत त्या बंदाला गाठींची जटा झालेली असते. समोर बसलेल्या प्रवाशांच्या नजरा त्यांना सोसाव्या लागतात, पण दोरा उजव्या हातातून डाव्यात कसा जातो हे बोटांना पाठ होते. लॅबमध्ये याच सरावाची पुढची पायरी आहे. दोन खिळ्यांवर रबरबँड ताणून बसवतात आणि तो जागेवरून अजिबात न उचलता त्यावर गाठ मारायला सांगतात. रबरबँड वर आला तर समजायचे की खरी रक्तवाहिनी असती तर ती फाटली असती.

योग्या

नसलेल्या जखमेवर हात बसवण्याची ही कल्पना परदेशातून सिलिकॉनच्या खोक्यांसोबत आली असे मानण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय, योग्यासूत्रीय, याच विषयाला वाहिलेला आहे. ‘योग्या’ म्हणजे सराव, आणि कितीही शास्त्र ऐकले तरी ज्याने योग्या केली नाही तो कर्माला अयोग्य, अशी शब्दांची खेळी तिथे केलेली आहे. कशावर काय शिकावे याची यादी वाचली की ती एखाद्या कल्पक शिक्षकाने लिहिली असल्याचे जाणवते. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर. फोडण्याचा सराव पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडण्याचा केस असलेल्या ताणलेल्या चामड्यावर. शिरा टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. शिवण्याचा सराव बारीक पण घट्ट विणीच्या वस्त्राच्या कडांवर आणि मऊ चामड्याच्या कडांवर करावा असे त्यात सांगितले आहे. पट्टी बांधायला तर चक्क माणसाएवढी बाहुली सुचवली आहे, म्हणजे आजचा मॅनिकिनच. त्याच ग्रंथात शिवण्याचे वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथि असे चार प्रकारही दिले आहेत.

आधुनिक काळात हीच वाट फ्रान्समधले शल्यचिकित्सक अॅलेक्सिस कॅरेल यांनी धरली. रक्तवाहिन्या जोडायच्या तर बारीक सुई आणि त्याहून बारीक हात हवा, म्हणून ते लिऑन शहरातल्या भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे टाके शिकले. रक्तवाहिन्यांची टाके-पद्धत आणि अवयवरोपणावरील कामासाठी १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हातशिलाई येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना मी हे मुद्दाम सांगते.

आता प्रश्न उरतो तो किती आणि कसा सराव करायचा याचा. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कोणतेही हातकाम शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर माणूस प्रत्येक हालचाल मनात म्हणत करतो, दुसऱ्या पायरीवर चुका कमी होत हालचाली एकमेकींना जोडल्या जातात, आणि तिसऱ्या पायरीवर हात आपोआप चालू लागतो. सायकल शिकलेल्या कोणालाही हे पटेल. माझ्या मते लॅबचे सगळे प्रयोजन या तिसऱ्या पायरीत आहे. पॅडवर सुंदर टाका घालणे हा काही हेतू नव्हे, कारण पॅडला त्याचे काही सोयरसुतक नाही. हात आपोआप चालू लागला की डोके मोकळे होते, आणि मोकळ्या डोक्यानेच रुग्णाकडे पाहता येते. त्याचा श्वास कसा चालला आहे, तो घामाघूम का झाला आहे, बोट सुन्न असल्याचे तो सांगतो आहे म्हणजे खाली नस तर कापली नाही ना, हे सगळे पहिल्या पायरीवरच्या डॉक्टरच्या नजरेतून सुटते. त्या माथाडी कामगारांच्या चेहऱ्याकडे मी पाहिले नव्हते त्याचे कारण बेफिकिरी हे नव्हते. माझ्याकडे पाहण्याइतके लक्षच शिल्लक नव्हते.

सराव एकाच दिवशी उरकावा की विभागून करावा, यावर टोरांटोमध्ये झालेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास शिक्षकांना चांगला परिचित आहे. ३८ निवासी डॉक्टरांना बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचे प्रशिक्षण चार सत्रांत देण्यात आले. काहींना चारही सत्रे एकाच दिवशी, काहींना आठवड्याला एक असे. महिनाभराने पाहिले तेव्हा आठवड्यांत विभागून शिकलेल्यांचे काम सरस ठरले. म्हणूनच परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅबची किल्ली मागायला येणाऱ्यांना मी किल्ली देते, पण फारशी आशा देत नाही.

घरी सराव करू पाहणाऱ्यांना महागडे पॅड घेण्याची गरज नसते. केळीची साल यासाठी फार प्रामाणिक शिक्षक आहे, कारण जरा जास्त ओढले की ती फाटते आणि हाताचा दांडगेपणा तिथल्या तिथे दाखवते. मांसाहारी घरांत कोंबडीची तंगडी चालते. फक्त आपल्याकडे दुकानदार कातडी काढूनच देतात, तेव्हा ‘कातडीसकट द्या’ असे आधीच सांगावे लागते. त्वचेच्या जाडीच्या आणि चिवटपणाच्या दृष्टीने डुकराचे पाय माणसाच्या अधिक जवळचे मानले जातात. मात्र असे काही वापरले तर हातमोजे घालावेत, आणि ती सुई त्या स्वयंपाकघरात राहता कामा नये.

शिकलेले मोजायचे कसे, याचीही सोय झाली आहे. १९९० च्या दशकात टोरांटोतच तयार झालेल्या एका पद्धतीत परीक्षक विद्यार्थ्याला काम करताना पाहून सात बाबींवर १ ते ५ गुण देतो. त्यातली पहिली बाब ऊतीविषयी आदर ही आहे, आणि मला ती फार आवडते. वेग हा एकटा निकष त्यात कुठेच नाही; हालचाली वाया जातात का, हे मात्र पाहिले जाते. अनुभवी डॉक्टरचा हात पाहिला तर तो जलद भासत नाही, तो थांबत नाही एवढेच.

पॅडवर जे नसते

सिलिकॉनमधून रक्त येत नाही, हा पहिला मोठा फरक. खऱ्या जखमेत धागा कुठे गेला हेच आधी दिसत नाही. पॅड हलत नाही, रडत नाही, दारू प्यायलेले नसते, आणि त्याच्यासोबत आठ नातेवाईक आलेले नसतात. ठाण्यात दहीहंडीच्या रात्री कॅज्युअल्टीत बसलेल्या इंटर्नला हनुवटी, भुवई आणि डोके फुटलेले गोविंदा एकामागून एक पाहावे लागतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून यंत्रात बोट आलेले कामगार येतात, आणि तिथे त्वचेला टाका घालण्याआधी बोट वाकते का, संवेदना आहे का, हे तपासले नाही तर वरून नीटस दिसणाऱ्या टाक्यांखाली तुटलेला स्नायुबंध तसाच राहतो.

शिवाय टाका कधी घालू नये, हे पॅड शिकवू शकत नाही. कुत्र्याच्या चाव्याची जखम सर्वसाधारणपणे लगेच शिवत नाहीत. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, लस, आणि जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शन हे आधी. टाळता येत नसेल तर त्यानंतर मोजके, सैल टाके. मातीने माखलेली किंवा जुनी झालेली जखम घाईने बंद केली तर जंतू आत कोंडले जातात. ‘डॉक्टरांनी टाकेच घातले नाहीत’ म्हणून रागावणाऱ्या नातेवाइकांना हे समजावणे हेही कौशल्यच आहे, आणि त्यासाठी अजून कोणी पॅड बनवलेले नाही.

एक गोष्ट मात्र पॅडवर पहिल्या दिवसापासून खऱ्यासारखीच करावी लागते, ती म्हणजे सुईची शिस्त. सुई बोटांनी उचलायची नाही, हत्याराने उचलायची. हातात गाठ असताना सुई होल्डरच्या जबड्यात टोक झाकून ठेवायची. काम संपल्यावर सुया मोजायच्या आणि त्या न टोचणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात टाकायच्या, कारण धारदार कचऱ्यासाठी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी तो रंग ठरवून दिला आहे. लॅबमध्ये सुई टोचली तर रक्ताचा थेंब येतो आणि हसू होते. वॉर्डात तीच सुई एचआयव्हीबाधित रक्ताची असेल तर संसर्गाचा धोका सुमारे ०.३ टक्के असतो, आणि ती हिपॅटायटिस बीबाधित रक्ताची असेल व त्याची लस घेतलेली नसेल तर त्या संसर्गाचा धोका यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त, ३० टक्क्यांपर्यंत असू शकतो. टोचल्यावर बोट पिळायचे नाही, साबण-पाण्याने धुवायचे, लगेच कळवायचे, आणि गरज असेल तर प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करायचे, हे मी टाक्याच्या आधी शिकवते.

आणि पॅड पुन्हा भेटायला येत नाही. टाके चेहऱ्यावरून साधारण पाचव्या दिवशी काढतात, डोक्यावरून सात ते दहा दिवसांनी, हातापायांवरून दहा ते चौदा दिवसांनी, सांध्यावर असतील तर दोन आठवडे पूर्ण होऊ देतात. बहुतेक ठिकाणी ज्याने टाके घातले तो त्या वेळी दुसऱ्या पाळीवर गेलेला असतो आणि काढणारे कोणी वेगळेच असते, त्यामुळे आपला टाका कसा बसला हे त्याला कधी कळतच नाही. म्हणून मी इंटर्नना सांगते की आपण शिवलेल्या रुग्णाला तारीख लिहून द्या आणि त्या दिवशी ओपीडीत स्वतः हजर राहा. गाठ चिमट्याने वर उचला, धागा एका बाजूला त्वचेच्या अगदी लगत कापा, आणि जखमेच्या रेषेकडे ओढा, म्हणजे बाहेर राहून मळलेला भाग आतून जाणार नाही आणि ताजी रेघ उसवणार नाही. त्यानंतर दोन मिनिटे त्या रेषेकडे नीट पाहा. कुठल्या टाक्याखाली लाली आहे, कुठे एक कड वर राहिली आहे, कुठे जास्त आवळले होते, हे तिथे ओळीने दिसते.